कललें काय ? 'लॉपसाइडेड' या इंग्रजी शब्दाची झडती

[शिवडी येथें चाळकरी मंडळींच्या बैठकींत रात्रशाळेच्या एका जुन्या मास्तरांनीं केलेलें हें भाषण. शेतकरी व कारागीर घरांतील वाचकांस उपयोगी पडेल, म्हणून त्यांच्या टिपणावरून सबंध देत आहों.]



आज तुम्हीं मला बोलावलें तें कांहीं मोठें व्याख्यान ऐकण्यासाठीं नव्हे. एका इंग्रजी शब्दाचा अर्थ समजावून सांगा, एवढेंच तुमचें म्हणणें. शब्द एकच आहे, पण त्यानें गेल्या पावसाळ्यांत या शिवडींतल्या एका चाळीची झोप उडविली आणि नऊ बिऱ्हाडांकडून नको त्या कागदावर सह्या करविल्या. तो शब्द 'लॉपसाइडेड'. तुमच्यापैकीं पुष्कळांनीं तो त्या दिवसापूर्वीं ऐकलाहि नसेल. मीं तो पुस्तकांतून शंभरदां वाचला होता आणि पोरांना शिकवलाहि होता. पण त्याचा अर्थ मला नीट कळला तो एका गवंड्याच्या ओळंब्यामुळें. तें कसें, तें आधीं सांगतों.

चाळ जुनी, खासगी मालकीची. नांव घेत नाहीं, कारण व्यवहार अजून पुरा झालेला नाहीं. चोवीस बिऱ्हाडें. कोणाचा बाप गिरणींत खपलेला, कोणी गोदींत ओझीं वाहिलेले, दोन घरें गवंड्यांचीं, एक शिंप्याचें. चाळ पाडून नवी बांधण्यासाठीं एक बिल्डर आला, त्यानें करारनाम्याचा मसुदा दिला. मसुदा इंग्रजींत, पानें बावन्न. मंडळींनीं वर्गणी काढून तो एका वकिलांस दाखविला, हें तर शहाणपणाचेंच झालें. वकिलांनीं दोन पानांचें पत्र पाठविलें, तेंहि इंग्रजींत. त्यांच्या विद्येस मी नांवें ठेवीत नाहीं. पण फी मराठी माणसांकडून घ्यायची आणि मत इंग्रजींत द्यायचें, ही रीत मला अजून उमगलेली नाहीं. असो. पत्राच्या पहिल्याच ओळींत लिहिलें होतें कीं, या कराराचें 'स्ट्रक्चर' 'लॉपसाइडेड' आहे.

पत्र वाचावयास दिलें चाळींतल्या एका कॉलेजांत जाणाऱ्या मुलाजवळ. पोरगा हुशार आहे, त्याची थट्टा कोणी करूं नये. त्यानें मोबाइलवर दोन्ही शब्द घालून पाहिले. स्ट्रक्चर म्हणजे इमारतीचा सांगाडा. लॉपसाइडेड म्हणजे एका बाजूस कललेला. दोन्ही अर्थ खरे आहेत. ते दोन्ही जोडून त्यानें जिन्यांत उभें राहून सांगितलें, "वकीलसाहेब म्हणतात, आपली इमारत एका अंगाला कलली आहे !"

दिवस पावसाळ्याचे. हार्बर लाइनच्या माणसाला असली बातमी खोटी वाटत नाहीं. २७ सप्टेंबर २०१३ रोजीं डॉकयार्ड रोडजवळ महापालिकेच्या कामगारांची इमारत पहांटे बसली आणि साठाहून अधिक माणसें गेलीं; तें शिवडींत कोणी विसरलेलें नाहीं. त्या रात्रीं चाळींत कोणाचा डोळा लागला नाहीं. पोरांना घेऊन बाया ओट्यावर बसल्या. भिंतीवरची जुनी भेग रोजचीच, पण त्या रात्रीं ती रुंदावल्यासारखी दिसूं लागली. सकाळीं बिल्डरचा माणूस कागद घेऊन खालीं आला. त्याला कोणीं बोलावलें होतें कीं तो आपण होऊन आला, हें मला माहीत नाहीं. नऊ जणांनीं सह्या ठोकल्या. "घर पडण्याआधीं बाहेर निघूं द्या, कागदाचें मागाहून पाहूं," असें म्हणून ठोकल्या. म्हणजे पाहा, वकिलानें 'सही करूं नका' म्हणून लिहिलेलें पत्र, आणि तेंच वाचून लोकांनीं सह्या केल्या.

तिसऱ्या दिवशीं त्या चाळींतले म्हातारे गवंडी उठले. ते म्हणाले, "तीस वर्षें मी या भिंतीला पाठ टेकून बिडी ओढतों. कलली असती तर माझ्या पाठीला आधीं कळलें असतें." ओळंबा घेतला, गच्चीवर गेले आणि चारी कोपऱ्यांना दोरी सोडली. ओळंबा कसा पाहतात हें येथल्या कारागिरांना सांगणें नको, बाकीच्यांसाठीं सांगतों. वर एक लाकडी ठोकळा भिंतीला लावून धरायचा, त्यांतून दोरी खालीं जाते, दोरीच्या टोंकाला गोळा. गोळा भिंतीला जेमतेम चिकटला म्हणजे भिंत सरळ. मध्यें फट राहिली किंवा गोळा भिंतीवर रेलला, तर भिंत कललेली. चारी कोपऱ्यांना गोळा जेमतेम चिकटला. म्हातारबा तसेच ओळंबा हातांत घेऊन माझ्या दारांत आले. "मास्तर, भिंत सुतांत आहे. मग वकील कललें म्हणतो तें काय ?"

हा प्रश्न मला कोणत्याहि परीक्षेंत कोणीं घातला नव्हता. आजचें माझें बोलणें म्हणजे त्याचेंच लांबलेलें उत्तर समजा.

या शब्दाचे दोन तुकडे आहेत. 'साइड' म्हणजे बाजू, हें बसमध्यें चढणाऱ्या पोरालाहि कळतें. 'लॉप' म्हणजे ढिलें होऊन खालीं लोंबणें. लांब कान खालीं पडलेल्या सशाला इंग्रज 'लॉप' कानाचा ससा म्हणतात. आपलें 'लोंबणें' आणि त्यांचें 'लॉप' कानाला सारखीं लागतात खरीं, पण त्यावरून त्यांचें नातें लावूं नका. असे योगायोग भाषांत पुष्कळ असतात. दुसरा एक 'लॉप' आहे, त्याचा अर्थ झाडाच्या फांद्या छाटणें. तो निराळा. माझ्या एका विद्यार्थ्यानें लॉपसाइडेड म्हणजे 'एक बाजू छाटलेला' असें लिहिलें होतें, आणि मीं त्याला अर्धा गुण दिला होता. तो अर्धा गुण आज परत घेतों.

हा शब्द जन्मला कोठें, तें ऐकाल तर शिवडीकरांना तो आपल्या घरचाच वाटेल. अठराव्या शतकाच्या आरंभीं, १७११ च्या सुमारास, तो इंग्रजींत लिहिलेला सांपडतो, तेव्हां त्याचें रूप 'लॅपसाइडेड' असें होतें आणि तो जहाजांविषयीं वापरीत. एका बाजूस जास्त जड झालेलें जहाज, तें लॅपसाइडेड. पुढें तो बंदरांतून गांवांत आला आणि टोपी, तोंड, हिशेब, करार, सगळ्यांना लागूं लागला. मधली जोडरेघ कांहीं लोक अजून ठेवतात, पुष्कळांनीं ती सोडली. अर्थाला त्यानें बाध येत नाहीं.

आतां हें जहाज डोळ्यांपुढें आणा. १२ जानेवारी २०२४ रोजीं उद्घाटन झालेला अटल सेतु जेथून समुद्रावर निघतो, त्याच्या शेजारीं आपली शिवडीची जेटी. ओहोटीला तेथें जाऊन पाहा. पाणी गेलेलें, चिखल उघडा, आणि होड्या एका कुशीवर पडलेल्या. त्या पलीकडे हिवाळ्यांत रोहित पक्षी एका पायावर उभे असतात. इंग्रजी शिकलेला नवखा माणूस दोघांनाहि लॉपसाइडेड म्हणेल, आणि दोन्ही ठिकाणीं चुकेल. रोहित एका पायावर उभा असला तरी त्याचा तोल सुटलेला नाहीं. आणि ती होडी ? तिला चिखलानें आडवें केलें आहे, तिच्या स्वतःच्या ओझ्यानें नव्हे. भरती येऊं द्या, ती आपोआप सरळ होईल. खरें लॉपसाइडेड गलबत तें, जें भर भरतींतहि एका अंगाला झुकून चालतें. माल भरतांना सगळीं पोतीं एका बाजूस रचलीं, किंवा तळाशीं जें नीरम घालायचें, म्हणजे तोलासाठीं दगडवाळू, तें सारखें पसरलें नाहीं, म्हणजे असें होतें. असें गलबत लगेच बुडत नाहीं, हीच त्यांतली फसगत. तें चालतें, कांठावरून पाहणाऱ्याला ठीकच दिसतें. पण मोठी लाट आली कीं तें कोणत्या बाजूला लवंडायचें, हें पोतीं रचतांनाच ठरून गेलेलें असतें.

म्हणून या शब्दांत नुसता 'वांकडा' हा अर्थ नाहीं. जी वस्तु समतोल असायला हवी होती ती, एका बाजूस वजन जास्त पडल्यामुळें, त्या बाजूस गेलेली आहे, एवढें सगळें त्यांत येतें. डोंगराला कोणी लॉपसाइडेड म्हणत बसत नाहीं, कारण त्यानें सरळ असावें अशी कोणाची अपेक्षा नाहीं. तराजूला म्हणतात.

मराठींत याला शब्द काय ? मी बरेच दिवस शोधतों आहें. सगळा अर्थ एकट्यानें वाहून नेईल असा एक शब्द मला मिळाला नाहीं. पण आपल्या कारागिरांनीं आणि शेतकऱ्यांनीं त्याचे तुकडे केव्हांच घडवून ठेवले आहेत. माझा बाप सुतार. गांवीं गाड्या बांधायचा. गाडी भरून निघाली कीं हात डोळ्यांवर धरून तो नुसता पाहायचा आणि ओरडायचा, "अरे, उलाळ झाली !" मागें ओझें जास्त झालें कीं जूं वर उचलतें आणि बैलांचे गळे आवळतात, ती गाडी उलाळ. पुढें जास्त झालें तर जूं बैलांच्या मानेवर बसतें. आणि डाव्या-उजव्या अंगाला कमीजास्त झालें तर एका बाजूचें चाक खोल रुततें, आंसावर ताण येतो. यांतलें हें शेवटचें म्हणजे इंग्रजांचें लॉपसाइडेड. बापाला इंग्रजीचें एक अक्षर येत नव्हतें, पण कोणत्या बैलाला त्रास होणार हें तो गाडी हलण्याआधींच सांगायचा.

पुस्तकी मराठींत 'असंतुलित' म्हणतात. शब्द चुकीचा नाहीं, पण त्यांत कोणती बाजू जड तें दिसत नाहीं. कागदाचा शब्द आहे. 'एककल्ली' हा तर सपशेल फसवा. त्यांत 'कल' आहे म्हणून पोरें तो लिहितात, पण मराठींत एककल्ली म्हणजे एकाच नादाचा माणूस. 'एकतर्फी' जवळ येतो, तरी जपून वापरा. कोर्टांत एकतर्फी निकाल होतो तो दुसरा पक्ष हजरच नसतो म्हणून. इंग्रजींत त्याला निराळे शब्द आहेत. लॉपसाइडेडमध्यें दोन्ही बाजू हजर असतात. दोघांची नांवें कागदावर असतात, दोघांच्या सह्या असतात, फक्त वजन एकीकडे असतें. 'पक्षपाती' माणसाच्या मनाला म्हणतात, कागदाला नव्हे. रस्ता खड्ड्यांचा असेल तर तो उंचसखल, लॉपसाइडेड नव्हे. आणि दोन भावांत एक उंच, एक ठेंगणा असेल तर ते असमान; त्यांत कललें कांहींच नाहीं.

चांगल्या अर्थानेंहि हा शब्द येतो, हें सांगायला हवें, नाहींतर तुम्ही त्याला कायमचा शत्रु समजाल. लहान मूल एका गालानें हंसतें, तोंडाचें एक टोंक वर जातें, त्या हंसण्याला इंग्रज प्रेमानें लॉपसाइडेड म्हणतात. घाईंत बांधलेला फेटा, एका कानावर आलेली टोपी, शाळेंत पोरानें केलेलें मातीचें मडकें, या सगळ्यांना तो चालतो. कबड्डींत एका संघानें पन्नास गुण केले आणि दुसऱ्यानें बारा, तर इंग्रजी वर्तमानपत्र त्या सामन्याला लॉपसाइडेड म्हणेल. तेथें मात्र आपला 'एकतर्फी' बरोबर बसतो. सकाळीं हार्बर लाइनवर बोरीबंदराकडे जाणारी गाडी पाहा आणि त्याच वेळीं उलट जाणारी पाहा, म्हणजे 'लॉपसाइडेड ट्रॅफिक' म्हणजे काय तें सांगायला मास्तर लागणार नाहीं.

पण कागदांत, हिशेबांत, राज्यकारभारांत हा शब्द आला कीं कान टवकारा. तो फार सभ्य शब्द आहे. 'अन्याय' म्हटलें कीं अन्याय करणारा कोण, तें सांगावें लागतें. 'फसवणूक' म्हटलें तर पुरावा द्यावा लागतो. लॉपसाइडेड म्हणणारा कोणावर बोट दाखवीत नाहीं. वस्तु झुकली आहे, एवढें म्हणून थांबतो, जणूं पोतीं आपल्या पायांनीं चालत एका बाजूस गेलीं. इंग्रजींत त्याच्या पुढें पुष्कळदां चार शब्द जोडतात, 'अमक्याच्या बाजूनें' अशा अर्थाचे. ते जोडले असतील तर ठीक. नसतील तर आपण विचारावें: कोणत्या बाजूस ? आणि रचलें कोणीं ?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें जें इंग्रजी निवेदन केलें, त्यांत त्यांनीं हेंच दाखविलें. सरकारच्या तिजोरींत पैसा येतो तो मुख्यतः रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या वरच्या शिक्षणावर. कुणब्याच्या पोराला गांवांत शाळा नाहीं. त्यांनीं आजचा हा शब्द तेथें वापरला असें मी म्हणत नाहीं. पण तिजोरीच्या गलबतांत पोतीं कोणत्या बाजूस रचलीं आहेत, हें त्यांनीं बोट ठेवून सांगितलें, आणि बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, ही मागणी केली.

आतां येथें एक शंका नेहमीं निघते, ती आधींच घेतों. कोणी म्हणतो, "मास्तर, समतोल म्हणजे दोन्हीकडे सारखेंच ना ? मग एकाला जास्त दिलें कीं तेंहि लॉपसाइडेड !" ज्यानें खांद्यावर कावड घेतली आहे, तो असें बोलणार नाहीं. एका बाजूची घागर भरलेली आणि दुसरी अर्धी असली, तर कावडवाला काय करतो ? भरलेल्या घागरीकडे खांदा सरकवतो. त्या बाजूस दांडी आंखूड, दुसऱ्या बाजूस लांब. मोजलें तर दोन्ही बाजू असमान, पण कावड सरळ चालते. सिंधुदुर्ग आणि गोव्याकडच्या होडीला एकाच अंगाला लांकडाची उलांडी बांधलेली असते. ज्यानें ती कधीं पाहिली नाहीं त्याला वाटेल, एका बाजूस हें काय लोंढणें लावलें ! ती काढा म्हणजे कळेल, पहिल्या लाटेला होडी पालथी. दिसायला एकांगी आणि चालायला समतोल, अशा पुष्कळ वस्तु आहेत.

तराजूचेंहि तसेंच. दोन्ही पारडीं रिकामीं असतांना एक खालीं गेलें, तर दुकानदार वरच्या पारड्यांत पासंग ठेवतो. पासंग ठेवणारा फसवतो, असें नाहीं. तराजूच मुळांत कललेला असतो. (पारड्याखालीं मेण चिकटवून ठेवणारे दुकानदारहि मीं पाहिले आहेत, तो पासंग निराळा.) २६ जुलै १९०२ रोजीं शाहू महाराजांनीं कोल्हापूर दरबारच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हां पुष्कळांना तराजू त्या दिवशींच कलला असें वाटलें. तोपर्यंतचा त्यांना सरळ दिसत होता. म्हणून कोणी एखाद्या गोष्टीला लॉपसाइडेड म्हटलें, कीं पारडीं रिकामीं असतांना कांटा कोठें होता, हें आधीं पाहिलें पाहिजे.

आपल्या आसपासचीं दोन उदाहरणें देतों. गिरण्यांचीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला, पुढें गिरण्या बसत गेल्या आणि जमिनी उरल्या. १९९१ सालच्या नियमांत गिरणीची जमीन नव्यानें वापरायची झाली तर तिचे तीन वांटे ठरले: साधारण एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठीं, एक म्हाडाला घरांसाठीं, एक मालकाला. खळ्यावरचे तीन ढीग असावेत तशी सरळ गोष्ट. २००१ सालीं नियम बदलला. वांटे तेच राहिले, पण वांटा करायचा तो ज्या जमिनीवर आधींपासून बांधकाम नाहीं तेवढ्याच मोकळ्या जमिनीचा, असें झालें. आतां गिरणी म्हणजे बहुतेक सगळीकडे शेडच. म्हणजे धान्य कणगींत राहूं द्यायचें आणि खळ्यावर सांडलेल्या दाण्यांचे तीन समान वांटे करायचे ! कोर्टकज्जा झाला, हायकोर्टानें २००५ सालीं लोकांच्या बाजूनें निकाल दिला, सुप्रीम कोर्टानें मार्च २००६ मध्यें तो फिरविला. मी कायदेपंडित नाहीं. पण 'तीन वांटे' हा शब्द कागदावर जसाच्या तसा राहून वजन कसें सरकतें, हें शिकण्याला याहून चांगला धडा मला ठाऊक नाहीं.

दुसरें आपल्या दाराशींच आहे. १९२० नंतर मुंबईंत बीडीडी चाळी बांधल्या, त्या एकंदर २०७. वरळीस १२१, नायगांवास ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि आपल्या शिवडीस १२. २०१७ सालीं पुनर्बांधणीचें काम हातीं घेतलें तें पहिल्या तीन ठिकाणीं. शिवडीच्या बारा राहिल्या, कारण खालची जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे दिल्लीच्या सरकारची. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं वरळीच्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजीं ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंद आहे, तीं आपलींच माणसें. पण एकाच वेळीं, एकाच सरकारी खात्यानें, एकाच नकाशावर बांधलेल्या चाळी, आणि शिवडीकर कांठावर उभे. आतां हें ओहोटींतल्या होडीसारखें कीं पोतीं एकीकडे रचलेल्या गलबतासारखें ? चिखलानें आडवें केलें असेल, तर भरतीची वाट पाहणें ठीक. पण भरती कितीदां येऊन गेली, तें मोजणारे लोक येथें समोरच बसले आहेत.

आतां पुन्हा त्या चाळीकडे जाऊं, कारण तिची गोष्ट अर्धी राहिली आहे.

म्हातारबा ओळंबा घेऊन आले, तेव्हां मीं पत्र वाचलें आणि सांगितलें, "भिंत नव्हे, करार कलला आहे. स्ट्रक्चर म्हणजे येथें रचना, कलमांची रचना." त्यांनीं विचारलें, "मग त्याला ओळंबा कसा लावायचा ?" मला लगेच सुचलें नाहीं. सुचलें तें पहिल्या मजल्यावरच्या मावशींना. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही एकेक कलम मराठींत वाचा. बोजा आपल्यावर असला तर या ताटांत चिंचोका, बिल्डरवर असला तर त्या ताटांत."

तीन रात्री वाचन चाललें. सगळीं बिऱ्हाडें जमत. एक कलम: खोली रिकामी करण्यास चाळकऱ्याला उशीर झाला तर दिवसाला दंड. चिंचोका आपल्या ताटांत. दुसरें: इमारत पुरी करण्यास बिल्डरला उशीर झाला तर त्यानें 'शक्य तितक्या लवकर' पुरी करावी. दंड नाहीं. मावशी चिंचोका हातांत धरून बसल्या. "हा कोठें टाकूं ?" कोणी म्हणालें, आपल्याच ताटांत, कारण वाट आपणच पाहायची. तिसरें: नकाशांत बदल करायचा तर बिल्डरनें करावा, चाळकऱ्यांची संमति धरलेली आहे असें समजावें. चौथें: भांडण झालें तर पंच नेमावा, आणि तो पंच बिल्डरनें नेमावा. तेथें शिंपी उठून म्हणाले, "म्हणजे माप त्याचें, कात्री त्याची आणि कापड आमचें." दर कलमागणिक एकानें तरी बोलल्याशिवाय चिंचोका पडत नसे. शेवटीं मोजले, तर आपल्या ताटांत एकतीस आणि त्यांच्या ताटांत सहा.

तो कॉलेजांतला मुलगा त्या रात्रीं मान खालीं घालून बसला होता. मीं त्याला म्हटलें, "बाळ, तुझे दोन्ही शब्द बरोबर होते. इंग्रजी शब्दाला एकच अर्थ नसतो, शेजार पाहून तो अर्थ बदलतो. स्ट्रक्चरच्या शेजारीं करार होता, तो तूं पाहिला नाहींस." तो म्हणाला, "मास्तर, मोबाइलनेंहि नाहीं पाहिला." मंडळी हंसलीं. मग वकिलांना पाठवायचें उत्तर त्यानेंच लिहिलें, मराठींत, आणि खालीं इंग्रजींत. त्यांत लॉपसाइडेड हा शब्द त्यानें एकदांच घातला, आणि पुढें कंस करून 'एकतीस विरुद्ध सहा' असें लिहिलें. मला तें आवडलें.

झालें काय म्हणाल, तर अजून पुरें झालेलें नाहीं. उशिराचा दंड दोन्हीकडे लावण्यास बिल्डर तयार झाला. संमतीचें कलम गेलें. पंचाचें कलम तसेंच आहे, त्यावर तो हटून बसला आहे. ज्या नऊ जणांनीं सह्या केल्या, त्यांनीं 'गैरसमजुतीनें केल्या' असें लिहून दिलें. त्याला उत्तर आलेलें नाहीं. त्यांतल्या एका घरांतली म्हातारी मला जिन्यांत भेटते तेव्हां दर वेळीं विचारते, "मास्तर, माझी सही परत येईल ना रे ?" तिला काय सांगावें, तें मला कळत नाहीं. वकील म्हणतात येईल, पण तेंहि त्यांनीं इंग्रजींत लिहिलें आहे.

पुढची बैठक येत्या रविवारीं आहे. नवा मसुदा मराठींत द्यावा, तोंवर कोणी सही करणार नाहीं, असें चाळीच्या वतीनें बिल्डरला कळविलें आहे. या मैदानांतल्या दुसऱ्या चाळींनाहि ज्यांचे मसुदे आले असतील त्यांनीं ते घेऊन यावें. चिंचोक्यांची पिशवी मावशींपाशीं आहे.